राबणाऱ्या माणसाने रात्री लिहू नये, असे म्हणणाऱ्यांना

पाटीपुस्तक (धागाकर्ती)

मागच्या आठवड्यात 'खरे बोलू का' या टोपणनावाच्या सदस्यांनी इथे, या संस्थळावर, एक लेख टाकला. त्याचा सारांश असा, की ज्याला नोकरीत पुरेसे काम असते त्याला लेखन सुचत नाही, जो लिहितो तो कामातला वेळ चोरतो, आणि इथे एकमेकांना 'सुरेख' म्हणणाऱ्या मंडळींपैकी एकही जण उद्या खांदा द्यायला येणार नाही. तेव्हा नोकरदारांनी आपापल्या गावात चार माणसे जोडावीत. तिथल्या तिथे दोन ओळींचे उत्तर लिहिले होते, पण ते पाठवले नाही, कारण माझा राग दोन ओळींत मावणारा नव्हता.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. घर परभणीत आणि शाळा सेलूच्या पुढे असल्यामुळे माझे बहुतेक लेखन रेल्वेत, फोनवर, उभ्याने होते. दिवाळी झाली की आमच्या वर्गातली काही मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात, काही आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहाच्या यादीत चढतात. तालुक्याला जाणाऱ्या तक्त्यात स्थलांतरितांचा रकाना असतो आणि त्यात आकडा भरला की सरकारदरबारी विषय संपतो. त्या आकड्यातली एक मुलगी शिमग्याच्या सुमारास परत आली तेव्हा तिला हातच्याची वजाबाकी चोख येत होती, कारण मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीतून किती फिटले याचा हिशेब फडावर तीच बापाला करून देत होती. हे मी कोणाला सांगायचे होते? वरिष्ठांना सांगितले, तर तिच्या मधल्या महिन्यांच्या हजेरीचे काय केले, एवढेच त्यांनी विचारले. इथे लिहिले, तेव्हा साखर कारखान्यात वजनकाट्यावर बसणाऱ्या एका कारकुनाने रात्री दोन वाजता गाड्यांची रांग लागते तेव्हा ही मुले कुठे झोपतात ते सविस्तर लिहिले. त्या माणसाला मी पाहिलेले नाही, पण माझे काम त्याला समजले आणि त्याचे मला समजले. याला आपले माणूस म्हणायचे नसेल, तर कोणाला म्हणायचे ते 'खरे बोलू का' यांनी सांगावे.

राहिला वेळेच्या चोरीचा आरोप. नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवत होते, तिथेच प्राचार्य झाले, आणि लिहीतही होते. त्यांनी कोणाचा वेळ चोरला?

खरे बोलू का

कुरुंदकरांचे नाव घेतले की आपला मुद्दा आपोआप सिद्ध होतो, ही मराठवाड्यातील लिहिणाऱ्यांची जुनी सवय आहे, तेव्हा ती माफ. मी लेखनाला विरोध केलेला नाही. लेखनाभोवती जमणाऱ्या गोतावळ्याला जे महत्त्व दिले जाते, त्याला माझा विरोध आहे. माझ्या कार्यालयातील एक सहकारी दुपारभर प्रतिसाद मोजत बसतो आणि त्याच्या टेबलासमोर सातबाऱ्यावरील वारसनोंदीसाठी आलेली म्हातारी माणसे ताटकळत उभी असतात. त्याच्या 'माणुसकी' या लेखावर पन्नासेक लोकांनी डोळे पाणावल्याचे कळवले होते. मी ती रांगही पाहिली होती आणि तो लेखही वाचला होता. त्यानंतर अशा आपुलकीवर माझा विश्वास उरलेला नाही.

जिंतूर नाका

धागाकर्तीच्या लेखातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य सगळ्यांच्या नजरेतून सुटलेले दिसते, ते म्हणजे 'घर परभणीत आणि शाळा सेलूच्या पुढे'. याचा अर्थ बाई मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहत नाहीत. घरभाडे भत्ता घेता का, एवढे सांगा, म्हणजे वेळेच्या चोरीवर पुढे बोलता येईल. कुरुंदकर ज्या नांदेडात शिकवत, त्याच नांदेडात राहत.

पाटीपुस्तक

अपेक्षित होते. मराठवाड्यात शिक्षकाने कोणत्याही विषयावर तोंड उघडले, तरी तिसऱ्या प्रतिसादाला मुख्यालय येते. भत्ता घेते, आणि ज्या गावात मला भाड्याने खोली मिळेल ते गाव तुम्ही दाखवा. गावात पक्की घरे आहेत, पण ती राहत्या माणसांची आहेत. मधल्या सुट्टीत मुलींना जायला जागा व्हावी म्हणून शाळेच्या स्वच्छतागृहाला दार बसवून घेण्यासाठी आम्ही किती अर्ज केले ते मला विचारू नका. माझे यजमान परभणीत नोकरीला आहेत आणि सासूबाईंचे औषधपाणी तिथेच चालते. जोडीदारांना एका ठिकाणी नेमण्याची तरतूद कागदावर आहे. तिचा लाभ मला झालेला नाही.

जिंतूर नाका

खोली मिळत नाही, हे कारण मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आमच्या गावी गुरुजी गाडी उशिरा आली की उशिरा येत आणि गाडी लवकर असली की लवकर जात. आमचे वेळापत्रक शाळेने नव्हे, रेल्वेने ठरवले. मी सातवीपर्यंत इंग्रजीचे पुस्तक पूर्ण झालेले पाहिले नाही, आणि पुढे त्याची किंमत पुण्यात मुलाखतींमध्ये मोजली. २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी हाच विषय विधानसभेत काढला, तेव्हा शिक्षकांनी मोर्चा काढला. आपल्या वर्गातील रिकाम्या जागांसाठी असा मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही.

बालाघाट

बंब यांच्या भाषणावर आम्ही मोर्चा काढला आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा काढू. २०१९ च्या शासन निर्णयाने मुख्यालयी राहण्याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव मागितला. आता हा ठराव कोणाच्या हातात असतो, ते खेड्यात राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. मी मुख्यालयी राहतो. खरोखर राहतो, कुटुंबासह राहतो. तरीही मला ठराव मिळाला नाही, कारण पोषण आहाराच्या तांदळाची पोती मी एका दारात उतरू दिली नाहीत. आणि जे तालुक्याहून ये-जा करतात त्यांचे ठराव वेळेवर झाले. राहणे आणि राहत असल्याचा कागद या दोन्ही गोष्टींची गल्लत करणाऱ्यांनी शिक्षकांना नीतिमत्ता शिकवू नये.

खरे बोलू का

म्हणजे जे ये-जा करतात त्यांनी खोटे ठराव घेतले, हे आपल्याच एका शिक्षकबंधूने मान्य केले. धागाकर्तीच्या हातातला ठराव कोणत्या जातीचा आहे?

पाटीपुस्तक

माझ्या ठरावाची चौकशी करण्याचा अधिकार गटशिक्षणाधिकाऱ्यांना आहे, टोपणनाव घेऊन बसलेल्या महसूल कर्मचाऱ्याला नाही. सातबाऱ्याची रांग तुमच्याच कार्यालयात लागते, हे तुम्हीच वर लिहून ठेवले आहे. ती म्हातारी माणसे ताटकळत होती तेव्हा सहकाऱ्याला उठवून त्यांचे काम करून घेण्याऐवजी तुम्ही त्याचा लेख वाचत होतात, याची नोंद मी घेतली आहे.

वर्ग तीन

दोघांनीही आवाज जरा खाली आणावा आणि एका व्यावहारिक गोष्टीकडे लक्ष द्यावे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत निव्वळ साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय लेखनाला मोकळीक आहे, परंतु शासनाच्या धोरणावर टीका करण्याला ती नाही. जुलै २०२५ च्या समाजमाध्यमांविषयीच्या परिपत्रकाने तर कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही कक्षेत घेतले आहे. ऊसतोड कामगाराच्या मुलीची वजाबाकी हे साहित्य ठरेल. स्वच्छतागृहाच्या दारासाठी केलेले अर्ज ही टीका ठरू शकते. टोपणनावाच्या भरवशावर राहू नये, कारण सेलूच्या पुढची शाळा आणि परभणीचे घर एवढ्यावरून तालुक्यातील कोणीही तुम्हाला ओळखेल. माझ्या एका मित्राला कार्यालयातील गळक्या छतावर विनोदी लेख लिहिल्याबद्दल खुलासा द्यावा लागला. छत अजून गळते.

मोंढ्यातला मुनीम

मी सरकारी नोकर नाही, त्यामुळे मला मुख्यालयही नाही आणि परिपत्रकही नाही. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीवर (दलालाच्या दुकानात) हिशेब लिहितो. या धाग्यात शिक्षकांच्या घरभाड्याने इतकी जागा खाल्ली आहे, की सरकारी पगाराबाहेरही माणसे राबतात आणि लिहितात, हे कोणाच्या गावीही नाही.

२०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आमच्यासमोर माल त्याहून बऱ्याच कमी भावाने जात होता. सरकारी खरेदीला ओलाव्याची अट १२ टक्के होती. ती नोव्हेंबरमध्ये १५ टक्क्यांवर नेली, तोवर ज्याला दिवाळी करायची होती त्याने माल विकून टाकला होता. मी ते सगळे रोजच्या पट्टीवरून, म्हणजे शेतकऱ्याला देतात त्या विक्रीच्या हिशेबावरून, लिहिले: हमाली किती, तोलाई किती, कट्टी (वजनातली कपात) किती धरली, शेतकऱ्याच्या हातात काय पडले. मालकांनी वाचले आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गावातल्या ज्या चार माणसांना जोडायला 'खरे बोलू का' सांगतात, त्यांतले दोघे आडते आहेत. त्यांच्यासमोर मी हे बोलू शकत नाही. माझ्या पट्टीतील बेरीज तपासून पाहणारे वाचक इथेच मिळाले, आणि त्यांपैकी एकाने तोलाईचा दर मी दोन ठिकाणी वेगळा का लावला, असे विचारून मला अडवलेही. सुरेख म्हणणारे होते, त्यांची नावे आता आठवत नाहीत.

आणि खांद्याचे म्हणाल, तर आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी छत्रपती संभाजीनगरात रक्त द्यायला आलेले दोघे इथलेच होते. भावकीतल्यांना सोयाबीन काढायचे होते, त्यांना दोष देत नाही.

खाम नदी

दुसरी बाजूही नोंदवून ठेवते. अशाच एका जिव्हाळ्याच्या लेखकाने आजारपणाचे हृदयद्रावक वर्णन करून आमच्यातल्या अनेकांकडून पैसे घेतले आणि नंतर तो आजारीही सापडला नाही आणि लेखकही. गावातल्या माणसाने असे केले असते, तर त्याचे घर तरी माहीत असते. मुनीम यांना रक्त मिळाले याचा आनंद आहे, पण त्यावरून नियम बनवू नये.

जिंतूर नाका

मुनीम यांचा लेख मी वाचला होता आणि तो चांगला होता, हे मान्य करायला हरकत नाही, कारण ते आडतीच्या गावीच राहतात. माझा आक्षेप अजून तिथेच आहे. ज्या गावातील मुलीवर लेख लिहायचा, त्या गावात संध्याकाळी थांबायचे नाही, आणि आपली माणसे मात्र दोनशे कोसांवर शोधायची. त्या मुलीच्या बापाने तो लेख वाचला आहे का?

पाटीपुस्तक

वाचला नाही, त्याला वाचता येत नाही. मुलीने त्याला वाचून दाखवला. उचलीचा आकडा मी बदलून लिहिला होता, तो त्याला पटला नाही; खरा लिहा, असे त्याने सांगितले, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तो दुरुस्त केला. संध्याकाळी थांबायचे म्हणाल, तर परभणी ते छत्रपती संभाजीनगर रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणाला २०२५ मध्ये कुठे मंजुरी मिळाली. तोवर क्रॉसिंगसाठी गाडी मध्येच उभी करतात आणि मला घरी पोहोचायला रात्र होते, तेव्हा तुमच्या मनासारखी माझी संध्याकाळ अर्धी तुमच्याच तालुक्यांच्या हद्दीत जाते.

बालाघाट

धागाकर्तीच्या भत्त्याचे मी समर्थन करणार नाही. राहत नसाल तर घेऊ नका, हे मी आमच्या संघटनेच्या बैठकीतही बोललो आहे आणि तिथे मला खाली बसवण्यात आले. पण लेख वर्गातून लिहिला की गाडीतून, याने वजाबाकी बदलत नाही.

खरे बोलू का

सर्वांनी मला शिकवण्याचे मनावर घेतलेलेच आहे, तर मीही एवढे कबूल करतो, की काट्यावरील कारकुनाचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. त्याबद्दल धागाकर्तीने हुरळून जाऊ नये. त्यांचा पोषण आहारावरील लेख पहिल्या भागावरच अडकला आहे आणि त्यात प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ धरला आहे. सहावीपासून १५० ग्रॅम धरायचा असतो. दुसरा भाग लिहिण्यापूर्वी तेवढा हिशेब सुधारावा.

पाटीपुस्तक

आमची शाळा पाचवीपर्यंतच आहे. १०० ग्रॅम बरोबर आहे. दुसरा भाग रविवारी टाकते.