मदत हवी आहे: भाचीला बापाकडं परत पाठवायचं नाही, कुठं जाऊ?

अडकलेला_मामा: बहीण वारली, दाजीनं दुसरं लग्न केलं, आता भाचीला उपाशी ठेवतात, हातावर चटके दिलेत. पोलिसांत गेलो तर घरातलं भांडण घरात मिटवा म्हणाले, वकिलाची फी ऐकून तसाच परत आलो. लवकर सांगा प्लीज. फोटो टाकलाय.

खानापूरकर: वय किती? गाव कुठलं? फोटोत पोरीचं तोंड दिसायलंय, तो आधी काढा. बाल न्याय कायदा 2015, कलम 74, ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत जेल नाहीतर 2 लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, मामा असला तरी.

अडकलेला_मामा: काढला. वय 9. गाव बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात.

गल्ली_नं_4: कोर्टबिर्ट सोडा, चार माणसं घेऊन जावा आणि दाजीला दम द्या. आमच्या गल्लीत असंच मिटलं. तीन महिन्यांनी परत सुरू झालं ते वेगळं.

निपाणीची_ताई: दम देऊन मार पोरीलाच बसतो. 1098 लावा, मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. बेळगावच्या बालकल्याण समितीपुढं कुणीही नागरिक मुलाला हजर करू शकतो, पोलीसच पायजेत असं नाही, समिती बसली नसली तर एका सदस्यापुढंही चालतं. फीचं म्हणाल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावा, 1987 च्या कायद्यानं मुलांना वकील फुकट, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. पण वकील तुमचा नको, तिचा मागा. तुमचा वकील ताबा मामाला द्या एवढंच म्हणणार, तिला कुठं राहायचंय ते कोण सांगणार?

सीमावासी: बेळगावच्या समितीचा अहवाल कन्नडात येणार, न वाचता सही करू नका. 2004 पासून महाराष्ट्राचा सीमाभागाचा दावा सुप्रीम कोर्टात पडलाय आणि इथं साधा कागद मराठीत मिळत नाही...

खानापूरकर: भाऊ, पोरीच्या धाग्यात सीमाप्रश्न कशाला?

निपाणीची_ताई: अहवालाचं बरोबर आहे त्यांचं. दुभाषी मागून घ्या.

हिशेबी: आईच्या नावची जमीन असंल तर वारसा नोंद आधी करा.

अडकलेला_मामा: जमीन नाही वो. आणि दाजीनं पोरगी पळवली म्हणून माझ्यावर कंप्लेंट दिलीय.

खानापूरकर: म्हणजे पोरगी तुमच्याकडं आहे??

अडकलेला_मामा: होय की, चंदगडला, 12 दिवस झाले. सांगितलं नव्हतं काय?

निपाणीची_ताई: नाही! चंदगड म्हणजे कोल्हापूर जिल्हा. मग थेट तिथल्या समितीपुढं न्या, प्रकरण बेळगावला पाठवायचं तर ते पाठवतील. लपवून ठेवलंय असं दिसायला नको. आणि चटके भरून यायच्या आत सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या.

गल्ली_नं_4: मी अजून म्हणतो, चार माणसं.

अडकलेला_मामा: उद्या दवाखाना करून कोल्हापूरला निघतो. पण दुभाषी कुणासाठी मागू? पोरगी कन्नड शाळेत आहे, घडाघडा बोलते. मलाच येत नाही.

निपाणीची_ताई: तुमच्यासाठी.