तिथं चाललं म्हनून आपल्या गावात चालंल काय?

धानपट्टा, चामोर्शी
परवा ग्रामसभेत पोषणाची नवीन योजना समजावली, लेकरं तोलायची, आहार द्यायचा, आईले शिकवायचं. इथं चालंल कशावरून विचारलं तर म्हणे दुसऱ्या राज्यात सिद्ध झालंय. अहो पण सिद्ध झालं ते तिथं! तामिळनाडूत 1980 पासून असाच प्रकल्प चालला, लेकरांचं कुपोषण घटलं. तोच साचा 1995 मध्ये बांगलादेशात नेला तर तेवढा फरक दिसला नाही. शिकवलं आईले, पण बऱ्याच घरी बाजार करणारा पुरुष आन् कोणाच्या ताटात किती पडंल हे ठरवणारी सासू. आता आपल्या घरी चुलीजवळ कोणाचं चालते ते सांगा.

कापूसवाला, आर्वी
भाऊ, असं धरून बसलो तर कोणतीच योजना सुरू होणार नाही. तुमच्याच गडचिरोली जिल्ह्याचं घ्या ना, बंग डॉक्टरांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, दुसऱ्या 47 गावांशी तुलना केली, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि 2011 पासून देशभर आशा घरभेटी करतात. प्रत्येक गावात आधी तपासत बसायचं होतं काय? तेवढ्यात किती बाळं गेली असती.

आशाताई, कोरची
दादा, त्या घरभेटी मीच करते, तिसऱ्या दिवसापासून बेचाळीसाव्यापर्यंत. पण 'सर्च'च्या आरोग्यदूत बाळाले जंतुसंसर्ग झाला की जेंटामायसिनचं इंजेक्शन सोता देत होत्या. आमच्या कामात ते नाही, आम्ही दवाखान्यात रेफर करतो. आन् रेफर म्हणजे गाडी पायजे, नाल्याले पूर असला तर गाडी येत नाही, मी बाळाजवळ बसून फोन लावत राहते. 62 टक्के आला तो पूर्ण कामाचा आकडा हाय. अर्धं काम नेलं तर तोच आकडा येईन असं कसं म्हणता?

कापूसवाला
ताई, हे पटलं. पण मग राहिलेलं अर्धं मागा ना, योजना कशाला अडवता? कुपोषित लेकरू पुराव्यासाठी थांबत नाही.

धानपट्टा
अडवत कोण हाय? चालू करा, पण शिकवायले फक्त सुनेले नका बोलवू, सासूलेही बोलवा. पुढच्या सभेत तसा ठराव मांडतो.

आशाताई
रोवण्याच्या दिवसात दुपारी घरी कोणीच नसते, ना सून ना सासू. वेळ रात्रीची लिहा ठरावात.