मीटिंगमधल्या शेऱ्यावरून वाद: कंपनीप्रमुखाने आधी काय करावं?

नवा_मॅनेजर: विभागप्रमुखाने भर मीटिंगमध्ये एका कृष्णवर्णीय सहकाऱ्याच्या केसांवरून शेरा मारला. तक्रारदार म्हणतो हा वंशभेद, विभागप्रमुख म्हणतो गंमत. टीममध्ये दोन तट पडलेत. सीईओने लगेच सगळ्यांना माफीचा ईमेल धाडावा, की चौकशी होईपर्यंत गप्प बसावं?

कागदोपत्री: दोन्ही नको. एक-दोन दिवसांत तक्रारदाराला भेटून फक्त ऐकून घ्या: नेमके शब्द काय, कोण हजर होतं, आधीही असं झालंय का. ‘त्याच्या मनात तसं काही नव्हतं हो’ हे चुकूनही बोलू नका. चौकशीआधीच निकाल लागल्यासारखा होतो. मग चॅट आणि रेकॉर्डिंग जपायला आयटीला लेखी कळवा. जुने मेसेज आपोआप पुसायची सेटिंग बंद करायची राहते आणि पुरावा जातो. चौकशी करणारा त्या विभागप्रमुखाच्या हाताखालचा नसावा. साक्षीदारांना एकेकटं गाठा आणि ‘वंशभेदी वाटलं का?’ असं नाही, ‘काय ऐकलंत?’ असं विचारा.

कलम_कसाई: कंपनी अमेरिकेत असेल तर 1964 चा नागरी हक्क कायदा लागतो (किमान 15 कर्मचारी हवेत). शिवाय कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये केसांच्या ठेवणीवरून होणारा भेदभावही वंशभेदात धरला. एका शेऱ्यावर खटला सहसा टिकत नाही, हे खरं. पण कंपन्या फसतात त्या पुढच्या टप्प्यात: ‘तुझ्याच भल्यासाठी’ म्हणून तक्रारदारालाच दुसऱ्या कामावर हलवतात. पगार तोच ठेवून काम बदललं तरी तो सूड ठरू शकतो, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये बर्लिंग्टन नॉर्दर्न खटल्यात म्हटलंय. दोघांना वेगळं करायचंच असेल तर साहेबाला हलवा.

कागदोपत्री: +1. आणि शेरा मारल्याचं सिद्ध झालं तर जर-तरची माफी नको. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ यात चूक दुखावणाऱ्याच्या गळ्यातून निघून दुखावलेल्याच्या गळ्यात पडते. काय बोललो, ते का चूक होतं, आता काय बदलणार, एवढं पुरे. सगळ्यांसमोर हस्तांदोलन करायला लावू नका. माफी स्वीकारायची सक्ती नसते.

नवा_मॅनेजर: आणि काहीच सिद्ध झालं नाही तर?

कलम_कसाई: तसं दोघांनाही लेखी कळवा. प्रामाणिकपणे केलेल्या तक्रारीला शिक्षा नाही, हेही त्यातच लिहा. पुढच्या मूल्यमापनात तक्रारदाराचे गुण अचानक घसरले तर एचआरने कारण विचारायलाच हवं.