असेंबल केलेल्या जुन्या संगणकावर विंडोज 11: सीएसएम बंद करताच पडदा काळा, मदरबोर्ड गेला का?

प्रश्न: पत्रिकावाला_सांगली

नमस्कार. सांगलीत माझा डीटीपीचा लहान व्यवसाय आहे आणि 2017 साली असेंबल करून घेतलेल्या एकाच संगणकावर सगळे काम चालते. रायझन 5 1600 प्रोसेसर, बी350 चिपसेटचा मदरबोर्ड, 16 जीबी रॅम आणि 240 जीबीची एसएसडी अशी त्याची रचना आहे. ग्राफिक्स कार्ड मात्र त्याच्याही आधीच्या संगणकातले जीटी 520 आहे. तेव्हा खर्च वाचवण्यासाठी तेच पुढे वापरले.

विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्यामुळे विंडोज 11 घालायचे ठरवले. तपासणीच्या प्रोग्रॅमने तीन हरकती दाखवल्या: टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या साठवणारी चिप) सापडत नाही, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू प्रोग्रॅम चालू देणारी सोय) उपलब्ध नाही आणि प्रोसेसर यादीत नाही. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन एफटीपीएम (प्रोसेसरमध्येच असलेले टीपीएम) सुरू केले. सिक्युअर बूटचा पर्याय फिकट दिसत होता व निवडता येत नव्हता, म्हणून एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे सीएसएम बंद करून सेटिंग्ज जतन केल्या. तेव्हापासून पंखे फिरतात, कीबोर्डचा दिवा लागतो, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ याखेरीज काहीही येत नाही. बायोससुद्धा दिसत नाही.

इथल्या एका दुरुस्तीवाल्याने ‘बोर्ड गेला, नवीन सेट घ्या’ असे सांगितले आहे. तुळशीचे लग्न झाले की पत्रिकांची कामे अंगावर येतात, त्यामुळे घाईत निर्णय घेण्याआधी जाणकारांना विचारतो: बोर्ड खरोखर गेला असेल का, आणि या संगणकावर विंडोज 11 चालू शकेल का?

उत्तर: सोल्डरगन

नमस्कार. आपण दिलेल्या वर्णनावरून बोर्ड गेलेला नाही असे मी बऱ्याच खात्रीने सांगू शकतो. कृपया नवीन सेट घेऊ नका.

प्रत्येक ग्राफिक्स कार्डावर एका लहान चिपमध्ये त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम असतो. संगणक सुरू होताना, विंडोजचा ड्रायव्हर हाती येण्याआधी, पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम तो करतो. जुन्या कार्डांतील हा प्रोग्रॅम जुन्या पद्धतीच्या बायोससाठी लिहिलेला असे. नव्या यूईएफआय पद्धतीला त्याऐवजी ग्राफिक्स आउटपुट प्रोटोकॉल, म्हणजे जीओपी, असलेला प्रोग्रॅम लागतो. जीटी 520 हे 2011 सालचे कार्ड आहे आणि त्या काळच्या कार्डांत जीओपी सहसा नसतो. सीएसएम, म्हणजे कंपॅटिबिलिटी सपोर्ट मॉड्यूल, हा या दोन पद्धतींमधला दुभाष्या आहे. आपण दुभाष्यालाच बाहेर पाठवले, त्यामुळे बोर्ड आणि कार्ड दोन्ही ठणठणीत असूनही त्यांचा एकमेकांशी संवाद उरला नाही. रायझन 5 1600 मध्ये अंतर्गत ग्राफिक्स नसल्यामुळे बोर्डावरच्या एचडीएमआय पोर्टला केबल लावूनही काही दिसणार नाही.

उपाय असा. संगणक बंद करून एसएमपीएसची (वीजपुरवठ्याच्या डब्याची) केबल काढा आणि कॅबिनेटचे पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जाईल. बोर्डावर नाण्याएवढा सीआर2032 सेल दिसेल. त्याच्या कडेची पत्र्याची पट्टी नखाने किंवा बारीक स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच मागे सारली की तो वर उचलला जातो. अनेकदा ग्राफिक्स कार्डामुळे तो झाकला जातो, अशा वेळी जोर न लावता आधी कार्ड काढा. पाच-दहा मिनिटांनी सेल परत बसवून संगणक सुरू करा. बोर्डावर क्लिअर सीमॉस नावाचा जम्पर असेल तर तोही वापरता येईल. बायोस मूळ स्थितीत येईल, घड्याळ मागे जाईल आणि एफटीपीएम पुन्हा बंद झालेले असेल. त्या काळच्या बोर्डांवर सीएसएम बहुधा आपोआप सुरू होते आणि चित्र परत येते.

एफटीपीएममधील नोंदी पुसल्या गेल्या आणि ड्राइव्हवर बिटलॉकर (डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल तर रिकव्हरी की मागितली जाते, म्हणून आपण बिटलॉकर लावले होते का हे आधी आठवून पाहा.

पत्रिकावाला_सांगली

आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही. बिटलॉकर नव्हते. सेल कार्डाखालीच होता. कार्ड काढून दहा मिनिटे थांबलो आणि सुरू केल्यावर बोर्डाचे चिन्ह पडद्यावर आले. विंडोज 10 पूर्वीसारखे चालू आहे. आता पुढे काय करावे? माझे मराठी टंकांचे जुने सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलवर (परवान्याची किल्ली असलेल्या पेनड्राइव्हसारख्या उपकरणावर) चालते आणि हजारो जुन्या फाइल्स युनिकोड नसलेल्या टंकांत आहेत, त्यामुळे लिनक्सकडे जाणे शक्य नाही. सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करण्याचीही धास्ती वाटते.

उत्तर: पुणे_बूटलोडर

तपासणीच्या प्रोग्रॅमने दाखवलेल्या तिन्ही हरकती सारख्या वजनाच्या नाहीत, आणि बहुतेक व्हिडिओंत हेच स्पष्ट केलेले नसते.

टीपीएमची हरकत एफटीपीएम सुरू करताच मिटते. सिक्युअर बूटबाबत अट एवढीच आहे की संगणक यूईएफआय पद्धतीने सुरू झालेला असावा आणि सिक्युअर बूट करण्यास समर्थ असावा; ते प्रत्यक्ष चालू असलेच पाहिजे असे नाही. म्हणजे आपल्याला सीएसएम बंद करण्याची गरजच नव्हती. आपली खरी अडचण अशी दिसते की एसएसडीवर एमबीआर या जुन्या पद्धतीचा विभाजन-तक्ता (डिस्कवरच्या विभागांची यादी) आहे आणि विंडोज 10 जुन्या पद्धतीने सुरू होते. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडपुढे ‘लेगसी’ लिहिलेले असेल तर हे निश्चित समजा.

त्यावर विंडोज 10 मध्येच एमबीआरचे नव्या जीपीटी पद्धतीत रूपांतर करणारे एमबीआर2जीपीटी हे साधन आहे. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून ते आधी केवळ पडताळणीच्या पर्यायासह चालवा आणि डिस्कचा क्रमांक दोनदा तपासा. पडताळणी यशस्वी झाली तरच रूपांतर करा. त्याच्या नियमानुसार डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी विभाग असून चालत नाही. रूपांतरानंतर बायोसमध्ये सीएसएम सुरूच ठेवा, पण बूटच्या क्रमात एसएसडीच्या नावाऐवजी ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिला आणा. हा बदल राहून गेला तर संगणक बूट डिव्हाइस सापडत नसल्याचे सांगतो आणि माणसाला वाटते की डेटा गेला.

उरला प्रोसेसर. पहिल्या पिढीचा रायझन अधिकृत यादीत नाही आणि तो कधी येईल अशी आशाही नको. विंडोजच्या आतून सेटअप चालवल्यास ही यादी तपासली जाते. ती ओलांडण्यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) सिस्टिम, सेटअप, मोसेटअप या ठिकाणी ‘अलाउअपग्रेड्सविथअनसपोर्टेडटीपीएमऑरसीपीयू’ ही डीवर्ड नोंद इंग्रजीत, मोकळी जागा न सोडता, करून तिची किंमत 1 ठेवावी. मग विंडोज 11 ची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशन डिस्कची एकसंध प्रत) उघडून सेटअप चालवल्यास फाइल्स आणि सॉफ्टवेअर जागेवर राहतात. आपल्याला हाच मार्ग योग्य आहे.

पेनड्राइव्हवरून कोरे इन्स्टॉलेशन करण्याची वेळ आलीच, तर बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लावून. त्यातला दुसरा निवडावा.

उत्तर: मंद_पण_नीट

वरील मार्ग तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, परंतु ज्या यंत्रावर घर चालते त्यावर हंगामाच्या तोंडावर हा प्रयोग करू नये असे मला मनापासून वाटते. विंडोज 10 च्या 22एच2 आवृत्तीसाठी सुरक्षा अद्यतनांची वाढीव योजना वैयक्तिक वापरकर्त्यांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत उपलब्ध आहे आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवल्यास त्यासाठी पैसे पडत नाहीत. आपला संगणक व्यवसायाचा असल्याने योजनेच्या अटी मात्र वाचून घ्या.

यादीबाहेरच्या संगणकावर विंडोज 11 ची अद्यतने मिळण्याची हमी कंपनी देत नाही आणि दर वर्षीची मोठी आवृत्ती बहुधा आयएसओवरूनच हाताने चढवावी लागते. मला खरी काळजी डोंगलची आहे. विंडोज 11 मधील मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय सुरू असल्यास विसंगत जुने ड्रायव्हर अडवले जातात. आपल्या प्रोसेसरवर हे वैशिष्ट्य मंदही चालते, त्यामुळे ते बंद असले तर आश्चर्य नाही, पण तपासून पाहा.

करायचेच असेल तर एक जादा एसएसडी घ्या, सध्याच्या डिस्कची क्लोन प्रत तिच्यावर काढा आणि रूपांतर व अपग्रेड त्या प्रतीवरच करा. विंडोज 10 वर परत जाण्याची सोय दहाच दिवस असते आणि ती जीपीटीचे पुन्हा एमबीआर करून देत नाही.

पत्रिकावाला_सांगली

दोघांचेही ऐकले. जादा एसएसडीवर क्लोन काढला आणि मूळ डिस्क केबलसह बाजूला ठेवली. एमबीआर2जीपीटीची पडताळणी पहिल्यांदा फसली, कारण दुकानदाराने तेव्हा चार प्रायमरी विभाग केले होते. शेवटचा रिकामा विभाग काढल्यावर ती पार पडली. सीएसएम सुरू ठेवूनच रविवारी अपग्रेड झाले.

टंकांचे सॉफ्टवेअर उघडले, पण डोंगल ओळखला गेला नाही. मेमरी इंटिग्रिटी बंदच होती. डोंगलच्या उत्पादकाचा नवा ड्रायव्हर घातल्यावर त्याचा लाल दिवा लागला आणि 2014 सालची एक पत्रिका उघडली. जोडाक्षरे व रफार जागच्या जागी आहेत. तरीही या हंगामाचे काम मूळ डिस्कवर, विंडोज 10 मध्येच करणार आहे. नवी डिस्क रोज संध्याकाळी लावून एकेक जुनी फाइल आणि प्रिंटर तपासत आहे. प्लेटसेटरकडे (छपाईच्या प्लेट काढणाऱ्या यंत्राकडे) जाणारी पीडीएफ अजून तपासायची राहिली आहे, ती झाली की इथेच कळवतो.