अनुभव धागा: फॉर्म भरला, मग काय झालं?

हिशेबनीस
पोळा तोंडावर आला म्हणून कपाट आवरायला काढलं, तर खालच्या फळीवर सुतळीनं बांधलेला गठ्ठा सापडला. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, मी टाइमकीपर होतो, तेव्हाचे कामगार सर्वेक्षणाचे फॉर्म. बावीस प्रश्न, पुढे पाच चौकोन, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत.

फॉर्म भरून घेतले दसऱ्याला. निकाल आला दिवाळीनंतर, तेव्हा गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग सडकेपर्यंत गेलेली. चाळीस पानं, लाल-पिवळे-हिरवे रकाने. मॅनेजरसाहेबांनी त्यावर चहाचा कप ठेवला तो मार्चपर्यंत.

मी रकाने सोडले आणि शेवटची ‘इतर सूचना’ तेवढी वाचली. चौसष्टपैकी एकोणीस जणांनी पाण्याचं लिहिलं होतं. माठ मुतारीच्या बाजूला. रेच्यावरचा, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावरचा, माणूस पाणी प्यायला गेला की सात मिनिटं मोडायची, म्हणून तो जायचाच नाही. १९४८च्या कारखाना कायद्यात पाण्याची जागा मुतारी-संडासापासून सहा मीटरच्या आत नको असं होतं. मी टेप लावून मोजलं, चारही भरेना.

साहेबांना ‘सर्वेक्षण’ हा शब्दच काढला नाही. टेप दाखवला. दोन दिवसांत झाकणाच्या तोटीवाल्या दोन टाक्या रेच्यांच्या टोकाला आल्या (उघडा माठ तिथं चालतच नाही, रुईचे तंतू तरंगतात). हजेरीच्या फळ्यावर मी खडूनं लिहिलं: “पाणी लांब आहे असं तुम्ही लिहिलं होतं. आता इथं आहे.” दुसऱ्या दिवशी एक सरकीवाला त्या फळ्यापुढे बराच वेळ उभा. मला म्हणे, “भाऊ, वाचते का कोणी ते कागद?”

तुमच्याकडे काय होतं ते लिहा.

ठेचाभाकर
आमच्याकडे सर्व्हे म्हणजे कापूसकोंड्याची गोष्ट. ‘समाधानी आहात का?’ नाही. ‘नाही काय म्हणता, समाधानी आहात का?’ दरवर्षी.

संत्रावाली
😄 ठेचाभाऊ
आमचं वरुडकडचं संत्र्यांचं ग्रेडिंग. मेण लावायच्या मशीनवर आम्ही तिघीच. फॉर्मवर ठळक अक्षरात ‘नाव लिहू नये’. मी लिहिलं, ‘पंख्याजवय बसू देत नाही’. सुपरवायझरनं दुपारी सगळ्यांसमोर विचारलं, “पंखा कोणाले पायजे वो?” आणि पाहत माझ्याकडेच होता. बाकी दोघी ‘जवळ’ लिहितात, ‘जवय’ लिहिणारी मीच एक! तेव्हापासून सगळ्या चौकोनात ‘पूर्ण सहमत’.

अकोला_ते_पुणे
@संत्रावाली, म्हणूनच बऱ्याच ठिकाणी पाचापेक्षा कमी माणसांच्या टीमचा निकाल वेगळा दाखवत नाहीत, मोठ्या गटात मिसळतात. तिघींचा फॉर्म वेगळा वाचणं हीच चूक.
आमच्या आयटीत गॅलप या सर्वेक्षण कंपनीचे बारा प्रश्न असतात. त्यात एक आहे, कामावर तुमचा कोणी जिवलग मित्र आहे का. मी ‘आहे’ लिहिलं. निकाल यायच्या आत त्यालाच काढला.

ठेचाभाकर
अबे 😂😂

रातपाळी
वाचते आहे. डाळ लावलीय, शिट्टी झाली की लिहिते.

मोगरा
हिशेबनीस काका, माठ कोणता चांगला, काळा की लाल? आमचा लाल लवकर पाझरणं बंद होतो.

हिशेबनीस
@मोगरा पाझरणं थांबलं म्हणजे छिद्रं बुजली. साबण लावू नका, नारळाच्या शेंडीनं घासा. यवतमाळला रस्त्याच्या कडेला बसतात त्यांच्याकडून घेतलेला आमचा काळा माठ चार उन्हाळे टिकला.

रातपाळी
हं, आता. दवाखाना खाजगी, गाव सांगत नाही. आम्हाला मोबाइलवर फॉर्म आला, ओटीपीसकट. वॉर्डात रेंज नाही, म्हणून रात्री दोनला एकेक जण गच्चीवर जाऊन भरून आला. महिन्यानं निकाल आणि सोबत ‘कृती आराखडा’ नावाचा तक्ता, चौदा रकाने. जबाबदार व्यक्ती, अपेक्षित परिणाम, आढावा दिनांक. वॉर्डात दोन सिस्टर, तीस पेशंट. कोण भरणार?
आमच्या इन्चार्ज सिस्टरनं तो तक्ता सुईच्या डब्याखाली सारला आणि सकाळच्या चार्ज देण्याघेण्यात उभ्या-उभ्या विचारलं, “बायांनो, एकच गोष्ट सांगा. पगाराची नको, ती माझ्या हाती नाही.” सगळ्या एकदम बोलल्या, ड्युटीची यादी! ती आदल्या संध्याकाळी लागायची. माहेरी लग्न असो, पोराची परीक्षा असो, काही ठरवताच येईना. तेव्हापासून पुढच्या महिन्याची यादी २५ तारखेला भिंतीवर. दोनदा उशीर झाला तेव्हा तिनं स्वतः येऊन सांगितलं, उद्या लावते म्हणून. तक्ता अजून कोराच आहे.

गोंदियाकर
मी दुसऱ्या बाजूचा, शिव्या घाला. राइस मिलमध्ये सुपरवायझर. निकाल येतो नोव्हेंबरात, धान येतो नोव्हेंबरात. अठ्ठावीस माणसं, रात्री बॉयलर, दिवसा ट्रक. वरून फोन, ‘टीमसोबत चर्चासत्र घ्या’. कधी घेऊ? हमालाला बसवलं की त्याची पोत्यामागची मजुरी बुडते.
मग मालकाला म्हटलं, विचारायचंच असेल तर मे महिन्यात विचारा, मिल थंड असते. आणि चर्चा शिफ्ट बदलताना, दहा मिनिटं, त्या दहा मिनिटांची मजुरी धरून. पहिल्याच दिवशी सगळे मजुरीच्या दरावर आले. मी सरळ सांगितलं, दर वाढवणं माझ्या हातात नाही, वर कळवतो, होईलच असं नाही. दोघं उठून गेले. बाकीच्यांनी मग खांद्यावरच्या गोणपाटाचं काढलं, फाटकं असतं, मानेला कुसळं टोचतात. ते झालं, आठवड्यात. दराचं वर कळवलं, उत्तर आलं नाही, तेही त्यांना सांगितलं.

ठेचाभाकर
शिव्या नाही घालत. पण दहा मिनिटांची मजुरी धरली, हे आमच्या साहेबाला ऐकवा कोणी.

संत्रावाली
@गोंदियाकर ते उठून गेलेले दोघं परत आले का?

गोंदियाकर
एक आला. दुसरा तुमसरला गेला, तिथं पोत्यामागे जास्त देतात.

अकोला_ते_पुणे
@संत्रावाली आणि पंखा?

संत्रावाली
पंखा तिथंच. सुपरवायझर बदलला, नवीन पोट्टं आहे, त्याला फॉर्मच माहीत नाही. मी खुर्चीच सरकवली.

हिशेबनीस
@संत्रावाली बरं केलं. यंदा संत्र्याचा अंबिया बहार कसा आहे तुमच्याकडे?

संत्रावाली
फळगळ लागली आहे काका. सकाळपासून फवारणी. बाकीचं रात्री लिहिते.