अभिप्राय नोंदवला नाही म्हणून मुलाखतीची फेरी पुन्हा द्यावी का?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरचा. इथल्याच एसजीएसआयटीएसमधून अभियांत्रिकी करून सध्या विजयनगरमधील एका मध्यम आकाराच्या कंपनीत बॅकएंडचे, म्हणजे सर्व्हरच्या बाजूच्या प्रोग्रॅमिंगचे, काम करतो. एका मोठ्या बहुराष्ट्रीय तंत्रज्ञान कंपनीच्या बंगळुरू कार्यालयासाठी माझी निवडप्रक्रिया उन्हाळ्यापासून चालू आहे आणि ती आता अशा जागी अडकली आहे, की पुढे काय करावे हे मला खरोखरच सुचत नाही.

ऑनलाइन चाचणी, कोडिंगच्या फेऱ्या, सिस्टिम डिझाइन आणि व्यवस्थापकांशी बोलणे, असे सगळे टप्पे पार पडले. डिझाइनची फेरी रात्री साडेनऊला होती, कारण मुलाखतकार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे होते. त्यांनी रेट लिमिटरची, म्हणजे एका ग्राहकाकडून ठरावीक वेळेत किती रिक्वेस्ट स्वीकारायच्या यावर मर्यादा घालणाऱ्या यंत्रणेची, रचना विचारली. मी टोकन बकेट या पद्धतीपासून सुरुवात केली: बकेटमध्ये ठरावीक वेगाने टोकन भरत राहतात, प्रत्येक रिक्वेस्टला एक टोकन खर्ची पडते. दोन सर्व्हरनी एकाच ग्राहकाच्या टोकनांची शिल्लक एकाच क्षणी वाचली तर काय, असे त्यांनी विचारले. वाचणे आणि वजा करणे या क्रिया वेगळ्या राहिल्या तर मर्यादा ओलांडली जाईल, म्हणून रेडिस या सर्व सर्व्हरच्या सामायिक डेटासाठ्यात लुआ भाषेतल्या छोट्या स्क्रिप्टने त्या एकसंध कराव्यात, हे मी आकृती काढून मांडले आणि त्यावर चर्चाही चांगली रंगली.

त्यानंतर कित्येक आठवडे पोर्टलवर ‘अंडर रिव्ह्यू’ एवढेच दिसत राहिले. रिक्रूटरबाईंना मेल केला, तर त्या आता कंपनीत नाहीत असे आपोआप उत्तर आले. नव्या रिक्रूटरांनी परवा फोनवर सांगितले, की डिझाइनच्या मुलाखतकारांनी अभिप्राय नोंदवलेलाच नाही, त्याशिवाय समिती निर्णय घेणार नाही, तेव्हा ती फेरी पुन्हा द्यावी लागेल. हे लेखी कळवण्याची विनंती मी केली, ती त्यांनी टाळली. नोकरी सांभाळून, रात्री जागून तयारी उमेदवाराने करायची आणि दुसऱ्याने न लिहिलेल्या अभिप्रायाची भरपाईही त्यानेच करायची, हा मला सरळ अन्याय वाटतो.

त्यातच पुण्याच्या एका कंपनीची लेखी ऑफर हातात असून तिला महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचे आहे. माझा नोटीस पीरियड 90 दिवसांचा आहे. हातातली ऑफर सोडू नये, असे बाबांचे ठाम मत आहे आणि ते मला चुकीचेही वाटत नाही. पण बंगळुरूचे काम माझ्या आवडीच्या विषयातले आहे.

मोठ्या कंपन्यांच्या निवडसमितीवर काम केलेले कोणी येथे असल्यास कृपया सांगावे: मुलाखतकाराला आता, इतक्या उशिरा, अभिप्राय लिहायला लावता येतो का? फेरी पुन्हा दिलीच, तर आधीच्या कोडिंग फेऱ्यांचे निकाल तोवर ग्राह्य राहतात का? आणि पुण्याच्या ऑफरची मुदत रिक्रूटरांना स्पष्ट कळवली तर प्रक्रिया वेग घेते, की अर्ज बाजूलाच पडतो? त्यांना या आठवड्यात मेल पाठवायचा आहे, त्यामुळे तो कसा लिहावा हेही कोणी सुचवल्यास फार मदत होईल.