माळ्यावरचा डबा म्हणे फुकट! (एचटीपीसीच्या सल्ल्याला उत्तर)

सदाशिव_पेठी:
काल शेजारच्या धाग्यावर एका सदस्याने सल्ला दिला: ‘माळ्यावरचा जुना डेस्कटॉप खाली काढा, एचडीएमआय केबल खुपसा, झाला एचटीपीसी (टीव्हीला जोडून सिनेमे बघायचा कॉम्प्युटर). हे छोटे डबे विकत घेणारे लोक पैसेवाले आणि बिनडोक असतात.’ खाली ‘+१’ची रांग. मी पैसेवाला नाही. दुसऱ्या विशेषणाबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत. पण उत्तर देणं भाग आहे, कारण हा फुकटचा उद्योग मी दीड वर्ष करून बसलोय.

माझ्याकडे इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या आय५ चिपचा डेस्कटॉप होता, २०११ सालचा. वॉटमीटर लावला तर कोडीचा (सिनेमे लावायचं सॉफ्टवेअर) मेनू दाखवत नुसता बसून ५५ वॅट खायचा. एच.२६४ या जुन्या व्हिडिओ फॉरमॅटची फाइल असेल तर ठीक. १०-बिट एचईव्हीसी, म्हणजे नव्या फॉरमॅटची फाइल लावली की चारही कोर घामाघूम आणि पंखा पिठाच्या गिरणीसारखा, कारण त्या चिपमध्ये एचईव्हीसी उलगडणारा डिकोडरच नाही. इंटेलकडे १०-बिट एचईव्हीसी पूर्णपणे हार्डवेअरमध्ये आलं सातव्या पिढीत, एव्ही१ हा त्याहून नवा फॉरमॅट अकराव्या पिढीत. शिवाय दुसऱ्या पिढीचा तो प्रसिद्ध आजार: सिनेमाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला २३.९७६ चित्रं मागितली की २४ देतो. म्हणजे दर चाळीसेक सेकंदांनी चित्राला एक उचकी. एकदा ती दिसली की पुढे सिनेमा दिसत नाही, माणूस उचकीची वाट बघत बसतो.

मग इंटेलच्या एन१०० चिपचा छोटा डबा घेतला. रॅम-एसएसडीसकट १४ हजार. चिपचा टीडीपी (किती उष्णता बाहेर टाकायची तयारी हवी तो आकडा) ६ वॅट. भिंतीपाशी मोजलं तर बसून ८, ४के एचईव्हीसी चालू असताना १४-१५. बसून खाण्यातला फरक ४७ वॅट. गुणिले २४ तास, गुणिले ३६५ दिवस, झाली ४१० युनिट. युनिटला १० रुपये धरा. साडेतीन वर्षांत डबा वसूल. आता फुकट काय आणि विकत काय ते सांगा.

भंगारातलं_सोनं:
तो सदस्य मीच. नाव घ्यायची लाज वाटली का?

हिशेब छान, फक्त त्यात २४ तास घुसडलेत. आपण टीव्हीसमोर २४ तास बसता? आमच्याकडे रात्री जेवताना आणि नंतर मिळून तीन तास. ४७ वॅट गुणिले ३ तास, वर्षाला ५१ युनिट, तुमच्याच दराने ५१० रुपये. १४ हजार वसूल व्हायला सत्तावीस वर्षं लागतील. तोवर तो डबा तुमच्या माळ्यावर असेल आणि कोणीतरी मला विचारेल, याचा एचटीपीसी होईल का हो?

आणि माझा आय५ चौथ्या पिढीचा आहे, त्याला उचकी लागत नाही. माझा टीव्ही १०८०पी, फाइली जुन्या, एच.२६४ च्या. नसलेल्या रोगावर औषध कशाला घेऊ? चालू मशीन भंगारात घालून नवं प्लास्टिक आणायचं आणि वर ‘वीज वाचवली’ म्हणायचं, हे मला जमत नाही.

बिनडोक हा शब्द जरा जास्त झाला, मागे घेतो. पैसेवाले कायम.

सदाशिव_पेठी:
२४ तास अशासाठी की त्याच डब्यावर घरातल्या सगळ्या फोनचे फोटो जातात. हे लिहायचं राहिलं, चूक मान्य. पण तुम्ही रात्री शटडाउन करता ना? मग दुसऱ्या दिवशी ताट हातात घेऊन बटण दाबायला कोण उठतं?

भंगारातलं_सोनं:
मी उठतो. पाय आहेत मला.

पाय_मोकळा:
पायाचा विषय निघालाच आहे तर रास्पबेरी पाय, तो तळहाताएवढा कॉम्प्युटर, कोणी काढला नाही याचं नवल वाटतं. पाय ४ बसून तीनेक वॅट घेतो, ४के एचईव्हीसी ६० फ्रेमने डिकोड करतो आणि त्याला एचडीएमआय-सीईसी आहे. म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने कोडी चालतं, वेगळं काही नको. तुमच्या एन१०० च्या एचडीएमआयला हे बहुतेक वेळा नसतं, त्यासाठी यूएसबीचं वेगळं अडॅप्टर शोधत फिरा.

सदाशिव_पेठी:
आणि पाय ५ मध्ये एच.२६४ चा हार्डवेअर डिकोडर काढूनच टाकला, ते कोण सांगणार? वर ५ व्होल्ट ५ अँपिअरचा खास चार्जर, पंखा, केस, कार्ड. सगळं धरून एन१०० च्या जवळ जाता. आणि पाय झोपत नाही, स्लीप हा प्रकारच नाही त्याला.

पाय_मोकळा:
सीपीयूवर १०८०पी एच.२६४ आरामात चालतं हो. तीन वॅटवाल्याला झोपवून काय वाचवणार आहात?
(सीईसीबद्दल काहीच बोलला नाहीत, नोंद घेतली आहे.)

मीटर_फास्ट:
तुम्ही सगळे मूळ मुद्दा सोडून भांडताय. युनिटला १० रुपये हा हिशेबच खोटा. १०० युनिटच्या वर एक जरी युनिट गेलं की सगळं बिल वरच्या स्लॅबने लागतं. माझं ९८ वरून १३१ वर गेलं तेव्हा बिल जवळजवळ दुप्पट आलं. त्यामुळे पाच वॅट वाचले तरी वाचवा.

निवृत्त_लेखापाल:
साफ चूक. असं होत नाही. राज्यात घरगुती स्लॅब ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि त्यापुढे असे आहेत. १३१ युनिट झाली तर पहिली १०० पहिल्याच दराने आणि वरची ३१ दुसऱ्या दराने. बिलाच्या मागे छापलेलं असतं, पण मागची बाजू कोण वाचतो?

मीटर_फास्ट:
मग माझं दुप्पट कसं आलं? तुम्ही भरलंत का? मी मुंबईत राहतो, वीज कंपनी कुठली ते सांगत नाही. दोन महिने कोणी रीडिंगलाच आलं नाही, सरासरीने बिल ठोकलं. खिडकीवर गेलो तर बाई म्हणतात फोटो आणा मीटरचा. मीटर जिन्याखाली, पुढे वॉचमनची खाट. खाट हलवून फोटो काढला तर म्हणे तारीख दिसत नाही.

निवृत्त_लेखापाल:
म्हणजे दुप्पट आलं ते सरासरीमुळे. स्लॅबचा त्यात काय दोष? तुमच्याच तोंडून आलं.

मीटर_फास्ट:
काका, आवाज खाली. ज्याचं बिल त्यालाच कळतं.

निवृत्त_लेखापाल:
आवाज लिहिण्यात कसा ऐकू आला? असो. धागाकर्त्यांच्या १० रुपयांबद्दल मात्र एक सांगतो. एचटीपीसीची युनिटं ही कायम तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबची युनिटं असतात, कारण फ्रिज आणि पंखे तर असतातच. म्हणून बिल भागिले युनिट असा सरासरी दर काढू नका. स्थिर आकार डबा असो-नसो भरायचाच असतो, तो वगळा. वरच्या स्लॅबचा दर घ्या, त्यात वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा, दर युनिटमागे लागणारा) मिळवा, वर १६ टक्के वीज शुल्क. जो आकडा येईल तो खरा. ज्याचं बिल १०० च्या आत त्याला १० रुपये फार होतात, त्याच्या वर गेलेल्याला कमी पडू शकतात.

श्टुटगार्टकर:
इकडे युनिटला ३५-४० सेंट पडतात. वर्षभर सतत चालणारा एक वॅट म्हणजे तीन युरोच्या वर. ५५ वॅटचा डबा चालू ठेवला तर बायको मलाच माळ्यावर ठेवेल.

वऱ्हाडी_ठेचा:
पुण्यात बसून टीडीपी वाचणं सोपं आहे भाऊ. अकोल्यात मे महिन्यात या, मग बोलू. दुपारी खोलीतच ४० च्या वर असते. मी हौसेनं बिनपंख्याचा डबा घेतला, टीव्हीच्या मागे चिकटवला. टीव्हीची गरमी, भिंतीची गरमी आणि याची स्वतःची. तासाभरात सिनेमा अडकाले लागला. पाय घ्या म्हणणाऱ्यानं हेही सांगावं की तो ८० अंशाला स्वतःचा वेग कमी करते. शेवटी डबा काढून कूलरच्या वाऱ्यात स्टुलावर ठेवला. तीन आठवड्यांत आत पाल मेली. जुन्या डेस्कटॉपच्या कॅबिनेटात पालीले निदान फिराले जागा असते.

भंगारातलं_सोनं:
हा माणूस आपला.

वऱ्हाडी_ठेचा:
तुमचा बी नाही. ५५ वॅटचा हिटर खोलीत लावून समोर कूलर लावायचा, हे कोणतं शहाणपण? आता मी पंखा असलेलाच छोटा डबा वापरतो, महिन्यातून एकदा ब्लोअर मारतो.

सूनबाई_ऑनलाइन:
सगळे पुरुषच दिसताय. मग मी सांगते घरात काय होतं ते.

आमच्याकडे ह्यांनी थाटात एचटीपीसी बसवला, लिनक्स घालून. टीपॉयवर कीबोर्ड आणि माउस. हे चार दिवस टूरवर गेले. पहिल्याच संध्याकाळी काळी स्क्रीन आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी. सासूबाईंची मालिका चार दिवस बुडाली आणि त्याला जबाबदार मी, कारण ‘तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना?’ मराठी गाण्यांच्या फोल्डरची नावं तर अशी दिसायची की वेलांटी एकीकडे नि अक्षर दुसरीकडे. सासूबाई म्हणाल्या, हे कुठल्या भाषेत आहे?

परत आल्यावर मी एक स्ट्रीमिंग स्टिक आणली. दोनतीन वॅट घेत असेल. रिमोटला मोजून बारा-पंधरा बटणं. ओटीटीचं चित्रही स्वच्छ, कारण लिनक्सच्या ब्राउझरमध्ये वाइडवाइन (ओटीटीचं कॉपी-संरक्षण) एल३ या खालच्या पातळीवरच अडतं, ४के मिळतच नाही. हे ह्यांनीच मला नंतर समजावलं. आधी नाही.

सदाशिव_पेठी:
ताई, स्टिकवर जाहिराती येतात, आणि चार टीबीचा डिस्क कुठे लावणार?

सूनबाई_ऑनलाइन:
चार टीबीत आहे काय? आमच्या घरी त्या डिस्कवर २००९ च्या लग्नाची कॅसेट आहे आणि एकच सिनेमा तीन वेळा आहे.

सदाशिव_पेठी:
... आमच्याकडे पाच वेळा आहे. पुढचं बोलत नाही.

पाय_मोकळा:
रिमोटला बारा बटणं. मी मघापासून सीईसी सीईसी ओरडतोय ते हेच.

मीटर_फास्ट:
बिल स्कॅन करून घरी बघितलं. १३१ युनिट. १०० एका दराने, ३१ दुसऱ्या. काका बरोबर आहेत, पण त्यांचा सूर चुकीचा आहे.

निवृत्त_लेखापाल:
सूर माझा पस्तीस वर्षं हाच आहे.

भंगारातलं_सोनं:
चार दिवसांनी लिहितोय. मेहुण्याकडून वॉटमीटर आणला. माझा ‘फुकट’ डबा बसून ६३ वॅट घेत होता, धागाकर्त्याच्या डब्यापेक्षाही जास्त. उघडून बघितलं तर आत जुनं ग्राफिक्स कार्ड, मुलाने कॉलेजात असताना गेमसाठी लावलेलं, आणि कशालाही न लागणाऱ्या दोन हार्ड डिस्क. तिन्ही काढलं, केबल बोर्डच्या एचडीएमआयला लावली. आता ३६. सिनेमा तसाच दिसतो. शटडाउन केल्यावरही तो ३ वॅट घेतो हे बघून मात्र झोप उडाली, आता भिंतीवरचं बटण बंद करतो.

एन१०० घेणार नाही म्हणजे नाही. पाय_मोकळा, ते यूएसबीचं सीईसी अडॅप्टर चौथ्या पिढीच्या आय५ ला चालतं का? मला नको आहे. हिने विचारलंय.